लिंबाच्या गारेगारचा दुसरा भाग

'एस्किमो लिमोन' या हिब्रू नावाचं मराठी करायचं तर 'लिंबाचं गारेगार' असं करावं लागेल. काडीवरचा आंबटगोड बर्फ, शाळा सुटल्यावर चोखत चोखत घरी जायचा. या नावाचा चित्रपट इस्रायलमध्ये १९७८ साली लागला आणि असा चालला, की १९८८ पर्यंत त्याचे आणखी सात भाग निघाले. मग बरीच वर्षं शांतता, आणि २००१ मध्ये अचानक नववा.

यातला दुसरा भाग १९७९ चा. नाव 'योत्सिम कावुआ'. इंग्रजीत तो 'गोइंग स्टेडी' म्हणून गेला. हिब्रूत शब्दशः अर्थ 'नेमाने बाहेर जातात', म्हणजे कॉलेजच्या कट्ट्यावर आपण ज्याला 'त्यांचं जमलंय' म्हणतो ते. पहिल्या भागाची कीर्ती त्याला नाही आणि नंतरच्या भागांची बदनामीही नाही. मधल्या भावासारखी त्याची गत. तरीही मला या मालिकेतला सगळ्यात बोलका भाग हाच वाटतो, कारण एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर त्याच्यात सापडतं. गेलेल्या दिवसांच्या आठवणींवर उभ्या असलेल्या सिनेमाचा पुढचा भाग काढला, तर तो नक्की कशाचा पुढचा भाग असतो? दिवस तर गेलेले असतात. ते पुढे जात नाहीत.

आधी ही जात कुठली ते बघू. वयात येणारी तीन-चार पोरं, डोक्यात एकच विषय, त्यापायी होणाऱ्या फजित्या, आणि मधूनच खरंखुरं प्रेम. असा चावट विनोदी सिनेमा जगभर निघत आला आहे. त्यात स्मरणरंजन मिसळलं की वेगळंच रसायन तयार होतं. पडद्यावर सोळा-सतरा वर्षांची पोरं असतात, पण गोष्ट सांगणारा चाळिशीकडे झुकलेला असतो. पोरांना वाटतं आपलं सगळं बिनसलंय; सांगणाऱ्याला वाटतं, काय सुखाचे दिवस होते. चावटपणा पोरांचा आणि हळहळ सांगणाऱ्याची. दोन्ही एकाच दृश्यात बसल्या तर सिनेमा जमतो. नाहीतर नुसता पाचकळपणा उरतो किंवा नुसतं उसासे टाकणं.

अमेरिकेत १९७३ साली 'अमेरिकन ग्राफिटी'ने ही हळहळ बाजारात आणली. त्यातली गोष्ट १९६२ मधली. चावटपणाची अमेरिकन लाट 'पोर्कीज'मुळे आली, तीही भूतकाळातच घडणारी, पण ती १९८० च्या दशकातली. 'एस्किमो लिमोन' या दोन्हींच्या मध्ये येतो. म्हणजे इस्रायलच्या पोरांनी अमेरिकन पोरांची नक्कल केली, हे नेहमी ऐकू येणारं वाक्य निम्मंच खरं. हळहळ त्यांनी उसनी घेतली असेल, आंबटशौकीपणात ते पुढे होते.

दिग्दर्शक बोआझ डेव्हिडसन. जन्म तेल अवीवचा, १९४३ चा. शिक्षण लंडनच्या फिल्म स्कूलमध्ये. 'एस्किमो लिमोन'च्या आधी त्याने 'चार्ली वे-हेत्झी' आणि 'हगिगा बे-स्नूकर' असे धमाल विनोदी चित्रपट केले होते. त्या काळच्या अशा चित्रपटांना इस्रायलमध्ये 'बोरेकास चित्रपट' म्हणतात. बोरेकास म्हणजे आत सारण भरलेला, पापुद्र्यांचा खारा पदार्थ, रस्त्यावर मिळणारा. इटालियन काउबॉयपटांना जसं 'स्पॅगेटी' नाव पडलं, तसं हे. गंमत अशी, की या शब्दाचं श्रेय बऱ्याचदा डेव्हिडसनलाच दिलं जातं.

पहिल्या भागाची गोष्ट १९५० च्या दशकाच्या शेवटची, तेल अवीवमधली. तीन मित्र: बेन्झी, मोमो आणि युदाले. बेन्झी हळवा. मोमो देखणा आणि बेफिकीर. युदाले जाडा, खादाड, आणि कायम दुसऱ्याच्या फजितीत सापडणारा. आपल्या तमाशात त्याला सोंगाड्याच म्हटलं असतं. बेन्झी घरोघर बर्फ पोचवायचं काम करतो, कारण फ्रिज अजून घराघरांत आलेले नाहीत. वर्गात निली नावाची मुलगी येते. बेन्झी तिच्यावर जीव टाकतो, ती मोमोवर. मोमोपासून तिला दिवस जातात आणि मोमो हात झटकून मोकळा होतो. मग बेन्झी पैशांची जुळवाजुळव करतो, तिचा गर्भपात करवून आणतो, तिची काळजी घेतो. त्याला वाटतं, आता ती आपली. तिच्या वाढदिवसाच्या पार्टीला तो भेटवस्तू घेऊन जातो आणि बघतो तर ती पुन्हा मोमोच्या मिठीत. बेन्झी वळतो आणि रडत बाहेर पडतो. चित्रपट तिथेच संपतो.

दीड तास हसवून असा धक्का द्यायचा, ही हिंमत आहे. १९७७ मध्येच इस्रायलच्या संसदेने गर्भपाताचा कायदा सैल करणारी दुरुस्ती केली होती. म्हणजे जो प्रसंग पडद्यावर चोरून-लपून घडतो, त्यावर बाहेर नुकताच जाहीर वाद झाला होता. चित्रपट त्यावर भाषण करत नाही. बेन्झीला पैसे कुठून आणावेत हे कळत नाही, एवढंच दाखवतो. मला तर हा प्रसंग या चावट चित्रपटातला सगळ्यात प्रौढ भाग वाटतो.

आता थोडं गणित. १९५८ साली सतरा वर्षांचा असलेला मुलगा १९४१ चा. इस्रायलमध्ये अठराव्या वर्षी सक्तीचं लष्कर. १९६७ च्या युद्धात तो सव्वीस वर्षांचा, १९७३ च्या योम किप्पूर युद्धात बत्तीस वर्षांचा. १९७८ मध्ये तो तिकीट काढून थिएटरात बसतो तेव्हा सदतिशीला आलेला असतो, आणि त्याच्या वर्गातली काही मुलं हयात नसतात. योम किप्पूरनंतर देशाचा आत्मविश्वास हलला होता. १९७७ च्या मे महिन्यात देश स्थापन झाल्यापासून सत्तेवर असलेला मजूर पक्ष निवडणूक हरला होता. एक जुनं घर मोडल्याची भावना अनेकांच्या मनात होती. अशा वेळी कोणी येऊन तुम्हाला समुद्रकिनारा, शाळेची पार्टी आणि बर्फाची गाडी दाखवली तर?

म्हणून पहिल्या भागात युद्धाचं नाव फारसं निघत नाही आणि तरी ते असतं. बघणाऱ्याला माहीत असतं, की ही पोरं लवकरच गणवेश चढवणार आहेत. पोरांना मात्र काळजी कशाची, तर पार्टीला कोण येणार याची. ही हळहळ दिग्दर्शकाला वेगळी पेरावी लागली नाही. प्रेक्षक ती घरून घेऊनच आले होते.

त्यात गाणी. देशात तेव्हा दूरदर्शन नव्हतं. सर्वसाधारण प्रक्षेपण सुरू झालं १९६८ मध्ये. स्थापनेनंतर आलेली रेशनिंगची कडक व्यवस्था, जिला हिब्रूत 'त्झेना' म्हणतात, १९५९ पर्यंत या ना त्या रूपात टिकली. अशा काटकसरीच्या, वरून समाजवादी शिस्तीच्या देशात अमेरिकन रॉक अँड रोलच्या तबकड्या म्हणजे खिडकी उघडून आत आलेलं वारं. चित्रपटभर हीच गाणी वाजतात, एकामागून एक, मूळ गायकांच्या आवाजात. बेन्झी रडतो तेव्हा 'मिस्टर लोनली' लागतं. आता हे गाणं ध्वनिमुद्रित झालं १९६२ मध्ये आणि गाजलं १९६४ मध्ये. म्हणजे बेन्झी स्वतःच्या भविष्यातल्या गाण्यावर रडतो! चूक आहे, पण मला ती लाडकी चूक वाटते. आठवण अशीच चालते. शाळेतल्या दुःखाला कॉलेजातलं गाणं चिकटतं आणि पुढे दोन्ही सुटे करता येत नाहीत.

या आठवणीच्या चौकटीत कोण नाही, तेही बघायला हवं. १९५० च्या दशकात इस्रायलमध्ये लाखो स्थलांतरित आले. त्यांतल्या अनेकांचा पहिला मुक्काम तात्पुरत्या छावण्यांमध्ये. 'मआबारा' म्हणत त्यांना. नंतर अनेकांना दक्षिणेकडच्या ओसाड प्रदेशात वसवलेली नवी गावं मिळाली. मोरोक्को, इराक, येमेनहून आलेले ज्यू त्यांत होते. आणि आपले बेने इस्रायलीही होते. पेण, अलिबाग, रेवदंडा या पट्ट्यातले, गावाकडे ज्यांना 'शनवार तेली' म्हणत, घरात मराठी बोलणारे. १९४८ नंतर त्यांची कुटुंबं लोद, रामला, बेरशेबा, दिमोना अशा गावांत जाऊन राहिली. त्यांच्यातल्या काहींनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच 'आम्हाला भारतात परत पाठवा' म्हणून धरणं धरलं होतं. पुढे त्यांच्याशी लग्नं लावायची की नाहीत यावर धर्मगुरूंनी शंका काढल्या. शेवटी १९६४ मध्ये आंदोलन झालं आणि संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. तरी त्यांनी तिकडे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं, चालवलं.

बेन्झीच्या वयाचा असा एखादा मुलगा १९५८ मध्ये दिमोनात असेल, तर त्याच्या आठवणीत वाळू असेल, आईची तांदळाची भाकरी असेल, आणि शाळेत 'काळा' म्हणून झालेली चिडवाचिडवी असेल. तेल अवीवच्या किनाऱ्यावरची पार्टी त्याच्या आठवणीत असण्याचं कारण नाही. 'एस्किमो लिमोन' म्हणजे देशाचं बालपण, असं म्हणायची पद्धत आहे. ते एका शहराच्या काही गल्ल्यांमधलं बालपण होतं. चित्रपटाचा हा गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. पण एकदा ही चौकट ध्यानात आली, की दुसऱ्या भागात ती आणखी कशी आवळत जाते ते स्पष्ट दिसतं.

दुसऱ्या भागाकडे वळण्याआधी पैशांची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचे भाग आधी तिथे जन्माला येतात. निर्माते मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस, एकमेकांचे चुलतभाऊ. गोलान धडाक्याचा माणूस. 'सल्लाह शबाती' (१९६४) या छावणीतल्या स्थलांतरितांवरच्या विनोदी चित्रपटाची निर्मिती त्याचीच. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. म्हणजे मी वर ज्यांची अनुपस्थिती सांगितली, त्यांच्यावर याच माणसाने आधी पैसा लावला होता. युगांडातल्या एन्टेबी विमानतळावरच्या ओलिसांच्या सुटकेवरचा १९७७ चा चित्रपट त्याने स्वतः दिग्दर्शित केला. तोही ऑस्करच्या यादीत गेला.

'एस्किमो लिमोन'ची इस्रायलमध्ये सुमारे १३ लाख तिकिटं विकली गेली. त्या वेळी देशाची लोकसंख्या होती ३७ लाखांच्या आसपास. कोणी दोन-तीनदा पाहिला असेल हे धरूनही आकडा डोळे फिरवणारा आहे. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, परभाषी चित्रपटांच्या गटात गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं. आणि पश्चिम जर्मनीत तो 'आइस आम श्टील' या नावाने लागला आणि उचलून धरला गेला. अर्थ तोच, काडीवरचा बर्फ.

जर्मनीत का? वरवर पाहता हे विचित्रच. १९४५ ला तेहतीस वर्षं झालेली, आणि जर्मन पोरं तेल अवीवच्या ज्यू पोरांच्या फजित्यांवर खिदळतायत. माझ्या मते उत्तर गाण्यांमध्ये आहे. युद्धानंतर वाढलेल्या जर्मन पिढीचं तारुण्यही त्याच अमेरिकन तबकड्यांवर नाचलं होतं. चित्रपटातलं शहर परकं असलं तरी आठवण ओळखीची होती. त्यात डबिंगने उरलंसुरलं परकेपण धुऊन टाकलं: जर्मन आवृत्तीत बेन्झीचा 'बेनी' झाला, युदालेचा 'जॉनी'. इंग्रजीत युदाले 'ह्यूई' झाला आणि मोमो 'बॉबी'. नावं बदलूनही गोष्टीला काही झालं नाही.

इथे निर्मात्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असणार. आठवण स्थानिक असते, पण तिचं वेष्टण निर्यात करता येतं.

१९७९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. दुसरा भाग आला. आणि गोलान-ग्लोबस यांनी कॅनन ही अडचणीत आलेली अमेरिकन कंपनी विकत घेतली. गारेगारच्या यशाचा या झेपेला मोठा हातभार होता. पुढे कॅननची ख्याती झाली ती आगाऊ विक्रीसाठी. चित्रपट तयार नाही, कधी कधी लिहिलेलाही नाही. फक्त पोस्टर छापायचं, फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात मांडायचं आणि देशोदेशीच्या वितरकांकडून पैसे घेऊन मग चित्रीकरणाला लागायचं. या पद्धतीत नव्या गोष्टीपेक्षा पुढचा भाग विकणं कितीतरी सोपं. पोस्टरवर काय आहे ते वितरकाला आधीच माहीत असतं. याच कंपनीने पुढे १९८४ मध्ये 'ब्रेकिन' हा नाचाचा चित्रपट काढला आणि त्याच वर्षी त्याचा दुसरा भागही. त्या दुसऱ्या भागाचं उपशीर्षक 'इलेक्ट्रिक बूगालू'. इंग्रजीत आज उगाच काढलेल्या कुठल्याही पुढच्या भागाला थट्टेने हेच शेपूट जोडतात.

तर 'योत्सिम कावुआ'. दिग्दर्शक तोच डेव्हिडसन. बेन्झी म्हणजे यिफ्ताख कात्झूर, मोमो म्हणजे योनातन सगाल, युदाले म्हणजे झाखी नोय. कॅमेऱ्याची भाषाही जुनीच. पहिल्या भागाचा छायाचित्रकार अ‍ॅडम ग्रीनबर्ग, ज्याने पुढे हॉलिवूडमध्ये 'टर्मिनेटर' टिपला. यंत्रमानवाची ती थंड निळी रात्र आणि तेल अवीवचं हे लिंबू रंगाचं ऊन एकाच माणसाच्या डोळ्यांतून आलं, हे मला आजही मजेशीर वाटतं.

निली नाही. तिची भूमिका करणारी अनात अत्झमोन त्याच वर्षी 'डिझेनगॉफ ९९' या आजच्या तेल अवीवच्या, म्हणजे १९७९ च्या तेल अवीवच्या, तरुणांवरच्या चित्रपटात दिसली. तिच्या जागी टॅमी. भूमिका यव्हॉन मायकल्सची. बेन्झी आता टॅमीच्या प्रेमात. पुन्हा रुसवे, पुन्हा गैरसमज, पुन्हा पार्ट्या, पुन्हा मोमोचे उद्योग, पुन्हा युदालेची फजिती.

आता विचार करा, पटकथा लिहायला बसलेल्या माणसापुढे काय पेच असेल. पहिल्या भागाच्या शेवटी बेन्झीचं काळीज फाटलेलं आहे. मोमोशी मैत्री राहणं जवळपास अशक्य. जे झालं ते खरं मानायचं, तर दुसऱ्या भागात तीन मित्र एकत्र येऊच शकत नाहीत. आणि तीन मित्र एकत्र नसतील तर दुसरा भागच नाही. मग एकच वाट उरते: विसरायचं. सहन करून, भांडून, माफ करून पुढे जायचं नाही, कारण त्यात अर्धा चित्रपट जाईल. घडलंच नाही असं धरून चालायचं.

स्मरणरंजनाच्या चित्रपटाला पुढचा भाग काढण्यासाठी विसरभोळं व्हावं लागतं, ही या मालिकेतली खरी विनोदी गोष्ट. ज्या शेवटामुळे पहिला भाग लोकांच्या मनात राहिला, नेमका तोच पुसून दुसरा भाग सुरू होतो.

एकदा हे मान्य केलं की बाकीचंही बदलतं. पहिल्या भागात बर्फाची गाडी होती कारण तेल अवीवमध्ये बर्फाच्या गाड्या होत्या. दुसऱ्या भागात गाणी, पोशाख, किनारा आहेत कारण पहिल्या भागात होते. पहिल्या भागाला शहर आठवत होतं. दुसऱ्याला पहिला भाग आठवतो. प्रेक्षकही १९५८ साठी तिकीट काढत नाही; गेल्या वर्षी थिएटरात जे हसलो ते पुन्हा मिळावं म्हणून काढतो. वीस वर्षांची हळहळ आता एका वर्षाची झाली.

तरी हा भाग मला पूर्ण टाकाऊ वाटत नाही. 'त्यांचं जमलंय' या नावातच एक नवा प्रश्न आहे. पहिल्या भागात प्रश्न होता, ती मिळेल का. इथे प्रश्न आहे, मिळाल्यावर काय करायचं. सतरा वर्षांच्या मुलाला प्रेम मिळवायचं कसं याचे सल्ले द्यायला सगळे मित्र तयार असतात. निभवायचं कसं, हे कोणालाच ठाऊक नसतं. टॅमी आणि बेन्झी यांच्यातल्या काही शांत जागांमध्ये चित्रपट या प्रश्नाला हात लावतो. मग युदाले धडपडतो, सगळे हसतात आणि प्रश्न राहून जातो.

मुली या मालिकेत कशा दिसतात, हे आजच्या नजरेने पाहिलं तर बऱ्याच ठिकाणी मान खाली जाते. कॅमेरा पोरांच्या डोळ्यांमागे उभा आहे आणि तिथून हलत नाही. निलीच्या बाबतीत पहिल्या भागाला निदान तिच्या एकटेपणाची किंमत कळली होती. पुढे मुली येतात आणि जातात, त्यांना घर नाही, आई-बाप नाहीत, उद्या नाही. बेन्झीची आई मात्र कायम आहे. द्वोरा केदारने तिला असं उभं केलंय, की घरातल्या प्रसंगांत तीच जान आणते.

डेव्हिडसनकडे दुसरा एक रस्ता होता, आणि तो त्याने घेऊनही पाहिला. १९८२ मध्ये कॅननसाठी त्याने हीच गोष्ट अमेरिकेत नव्याने काढली, 'द लास्ट अमेरिकन व्हर्जिन' नावाने. तोच त्रिकोण, तोच गर्भपात, तोच वाढदिवस. पण काळ १९८० च्या दशकातला, म्हणजे चालू वर्तमान. बर्फ पोचवणारा बेन्झी आता पिझ्झा पोचवतो. शेवटी गाणं 'जस्ट वन्स'. यात जुन्या दिवसांची हळहळ अजिबात नाही, आणि शेवट तसाच काळजात घुसतो. धमाल बघायला आलेली अमेरिकन पोरं सुन्न होऊन बाहेर पडल्याच्या आठवणी आजही सांगितल्या जातात.

हे दोन चित्रपट शेजारी ठेवले की बरंच काही कळतं. दुसऱ्या भागाने माणसं तीच ठेवली, काळ तोच ठेवला आणि दुखणं काढून टाकलं. अमेरिकन आवृत्तीने माणसं बदलली, काळ बदलला आणि दुखणं तेवढं ठेवलं. माझं मत विचाराल तर पहिल्या भागाचा खरा वारस अमेरिकेत जन्मला.

तिकडे इस्रायलमध्ये भाग येतच राहिले. तिसऱ्या भागात, १९८१ मध्ये, सिबिल राऊख ही जर्मन अभिनेत्री आली. गिऱ्हाईक कुठलं हे त्यावरून ओळखावं. चौथ्यात तिघं लष्करात भरती होतात. पहिल्या भागात जे न बोलता जाणवत होतं ते इथे पडद्यावर येतं, पण कवायतीच्या मैदानावरच्या घसरगुंडीच्या रूपात. हा चित्रपट आला तो लेबनॉन युद्धाच्या आगेमागे. बाहेर खरे सैनिक सीमेपलीकडे होते आणि आत युदालेला गणवेश बसत नव्हता. पाचवा आणि सहावा भाग डॅन वोल्मनने केला, आणि हे वाचून इस्रायली सिनेमाचा अभ्यासक हमखास भुवया उंचावतो, कारण आमोस ओझ या नामवंत इस्रायली लेखकाच्या कादंबरीवर 'माय मायकल' करणारा हा गंभीर दिग्दर्शक. सहाव्यात तिघं जहाजावर जातात. सातवा आणि आठवा तर ऑस्ट्रियन दिग्दर्शकांनी केले. तेल अवीवच्या गल्लीची आठवण आता व्हिएन्नाच्या माणसाच्या हाती होती.

आणि नट? झाखी नोय १९५३ चा. पहिल्या भागात तो पंचविशीत शाळकरी पोरगा झाला होता. आठव्या भागाच्या वेळी पस्तीस वर्षांचा. पडद्यावरचा काळ थांबवता येतो, पोट थांबवता येत नाही. जर्मनीत तो इतका लाडका झाला, की तिथे त्याने विनोदी चित्रपट केले, गाण्याची रेकॉर्डही काढली. पण युदाले त्याच्या अंगावरून उतरला नाही. २०१८ मध्ये एरिक फ्रीडलर या जर्मन दिग्दर्शकाने या मालिकेवर माहितीपट केला. त्याच्या जर्मन उपशीर्षकाचा अर्थ 'जिंकलेले आणि हरलेले'.

योनातन सगाल मात्र निसटला. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरच्या, १९९३ च्या 'शिंडलर्स लिस्ट'मध्ये पोल्डेक फेफरबर्ग नावाचा एक चलाख तरुण आहे, काळ्या बाजारातून वस्तू आणून देणारा. तो सगाल. जर्मनीतल्या ज्या प्रेक्षकांनी पंधरा वर्षांपूर्वी त्याला मोमो म्हणून टाळ्या दिल्या होत्या, त्यांनी थिएटरच्या अंधारात हा चेहरा ओळखला असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे. पुढे सगाल स्वतः दिग्दर्शक झाला.

नववा भाग २००१ चा, त्झ्वी शिसेलने केलेला, नव्या पोरांना घेऊन. नाव 'हाहगिगा निमशेखेत', म्हणजे 'पार्टी चालूच आहे'. पहिला भाग वीस वर्षं मागे बघत होता. २००१ च्या प्रेक्षकाला वीस-बावीस वर्षं मागे बघायला सांगितलं, तर तो १९७९ च्या आसपास पोचतो. तिथे त्याला ना बर्फाची गाडी दिसते, ना त्झेनाचं रेशन. त्याला दिसतं एक थिएटर, पडद्यावर टॅमीसोबत बेन्झी, आणि काळोखात शेजारी बसलेली, आपण जिला पहिल्यांदाच सिनेमाला घेऊन आलो होतो ती.